पोरीस्नी कशाला पवायला

अण्णा,

काल मी तुमच्या मुलाशी भांडले. तुमच्याच सोप्यात उभं राहून, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं. त्याच्या नातीच्या शाळेतनं कागद आलाय. पोहण्याच्या वर्गाला पाठवणार का, असं विचारलंय आणि खाली सही मागितलीय. पोरीचे आईबाप नोकरीसाठी बाहेरगावी, पोर आजोबांजवळ, म्हणजे सही यानंच करायची. यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "पोरीस्नी कशाला पवायला?" साठी उलटलेला माणूस, पण आवाज तुमचा, शब्द तुमचे, हात झटकायची पद्धतसुद्धा तुमची. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली असं मी समजत होते. तुम्ही कुठंच गेलेला नाही.

तुम्ही दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायचं काम करायचात, पण लोक तुम्हाला ओळखायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कळंब्याकडच्या आपल्या मळ्यातल्या विहिरीवर दर रविवारी शहरातनं सायकली मारत पोरं यायची. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला कासरा, आणि वरनं ढकलून द्यायचं. पोर गटांगळ्या खाऊन वर आलं की तुम्ही कासरा सैल सोडत ओरडायचात, "हात मार की, पाय झाड की!" महिन्याभरात तेच पोर वरच्या कठड्यावरनं सूर मारायचं. दादाला तर तुम्ही सहाव्या वर्षीच शिकवलंत. पोहून भूक लागते म्हणून आई भडंग करायची आणि ते घेऊन मी बांधावर बसायची. पुढं यायची परवानगी नव्हती. एकदाच धीर करून म्हटलं होतं, "अण्णा, मला बी शिकवा की." तुम्ही पोरांसमोर हसलात. "पोरीस्नी कशाला पवायला? वल्ल्या कापडानं चार माणसांत उभारणार हायस?" पोरंही हसली. मी भडंगाचं भांडं उचलून घरी गेले. पण सोमवारी सकाळी त्याच विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरून पाणी भरायला मलाच जावं लागायचं. पाणी भरायला विहीर आमची, पोहायला तुमची.

तो रविवार नव्हता, बहुतेक गुरुवार असेल, कारण तुम्ही कामावर होता. मी दहा वर्षांची, धाकटी बहीण सहाची. ती माझ्या मागनं पायऱ्या उतरते, तांब्या बुडवायला वाकते आणि पाय सटकतो. पाण्याचा मोठा आवाजसुद्धा होत नाही. बुडणारं माणूस आरडाओरडा करतं असं मला वाटायचं. ती ओरडत नाही. तोंड वर करून फक्त आ वासते, दोन्ही हात पाण्यावर दाबते, खाली जाते, पुन्हा वर येते, आणि डोळे माझ्याकडं. माझ्या हातात कळशी आहे. ती खाली ठेवायचंही मला सुचत नाही.

बांधावर गवत कापायला आलेली बौद्ध वस्तीतली बाई कठड्यावरनं डोकावली. भारा टाकून ती धडाधडा पायऱ्या उतरली. पाण्यात नाही उतरली. शेवटच्या पायरीवर अंगावरचं लुगडं भराभर सोडलं, एक टोक मनगटाला गुंडाळलं, पालथी पडली आणि दुसरं फेकलं. पहिल्यांदा चुकलं. ओढून घेऊन पुन्हा फेकलं आणि ओरडली, "धर बाळ, धर की गं! सोडू नगंस!" धाकटीच्या मुठीत टोक आलं. बाईनं हळूहळू ओढत तिला पायरीला लावलं, कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या. धाकटी ओकली आणि मग रडली. तो रडण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्याच्याइतकं चांगलं मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

कुणीतरी तुम्हाला बोलवायला पळालं होतं. तुम्ही सायकल टाकून आलात. लुगडं पाण्यात लोंबत होतं आणि ती बाई चोळीवर, गुडघे पोटाशी घेऊन, धाकटीला मांडीत धरून बसली होती. तुम्ही तोंड फिरवलंत आणि तुमचं पहिलं वाक्य होतं, "आदी आंगावर घे ते." तिनं निमूट ओलं लुगडं गुंडाळलं. म्हणाली, "मला येत न्हाय पवायला, म्हणून आत गेले न्हाय. न्हायतर दोघीबी गेलो असतो." तुम्ही तिला काहीच बोलला नाही. वळून माझ्या कानाखाली वाजवलीत. "तू काय करत हुतीस गं? बघत बसलीस?"

अण्णा, हा प्रश्न मी शेहेचाळीस वर्षं वागवला. लग्नात, बाळंतपणात, आईला पोचवून आल्यावर. बघत बसलेली मुलगी, अशीच मी स्वतःला ओळखत आले.

आणि दुपारी तुम्ही काय केलंत ते कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. तिचं लुगडं विहिरीच्या पाण्याला लागलं होतं. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, पाणी उपसून टाका. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. इंजिन चालू केलंत आणि दिवस मावळेपर्यंत पाणी नुसतं ओढ्याला सोडलंत. जिनं तुमची पोर वर काढली, तिच्या अंगचं कापड लागलं म्हणून. ती बाई भारा डोक्यावर घेऊन त्याच ओढ्याकडेनं घरी गेली असेल, तिला ते पाणी वाहताना दिसलं असेल. आईनं स्वतःचं कोरं लुगडं तुमच्या पाठीमागं तिच्या घरी पोचतं केलं. तुम्हाला ते कधी कळलं नाही. आता कळू दे.

पुढच्या आठवड्यात तुम्ही विहिरीला जाळीचं दार बसवलंत. लोक म्हणाले, शहाणा माणूस. रविवारी पोरांसाठी ते दार उघडायचं. धाकटीला पाण्याची भीती बसली ती बसलीच. तिच्या लेकाच्या सोसायटीत पोहण्याचा टँक आहे, त्याच्या बाजूनंही ती जात नाही, लांबचा फेरा घेते. तिला शिकवावं असं तुम्हाला तेव्हासुद्धा वाटलं नाही. कुलूप सुचलं, शिकवणं सुचलं नाही.

मी गेल्या वर्षापासून टँकवर जाते. बायकांची बॅच दुपारची. छप्पन्नाव्या वर्षी गुडघ्यापर्यंतचा पोशाख घालून पहिल्यांदा पायरीवर उभी राहिले. शिकवणारी मुलगी कबनूरची, वडील यंत्रमागावर कामाला होते म्हणते. तिनं पहिल्या दिवशी कुणालाच लगेच पाण्यात उतरवलं नाही. सगळ्यांना काठावर बसवून म्हणाली, "मावशी, आदी ऐकून घ्या. कोण बुडाय लागलं तर आत जायचं न्हाय. वरडायचं, आडवं पडायचं आणि हाताला घावंल ते फेकायचं. ओढणी, काठी, मोकळा कॅन, काय बी. ज्याला येत न्हाय त्यानं उडी मारली की दोघं जात्यात. आणि ल्हान पोर पाण्यात असलं की मोबाईल बघायचा न्हाय, पोराकडं बघायचं. ते हाक मारणार न्हाय."

बाकीच्या बायका उठून उतरल्या, मी तशीच बसून राहिले. त्यांना वाटलं, घाबरली. मला राग आला होता अण्णा, कानशिलं तापली होती. एवढंच होतं? एवढं सांगायला तुम्हाला किती वेळ लागला असता? यात मला पाण्यात उतरायचं नव्हतं, कापडं भिजायची नव्हती, चार माणसं बघणार नव्हती. तुमचे सगळे नियम पाळूनसुद्धा हे सांगता आलं असतं. तुमचा कासरा तिथंच बाभळीला अडकवलेला असायचा. तुम्ही परक्यांच्या पोरांना शिकवलंत, आणि रोज पाणी भरणाऱ्या स्वतःच्या पोरीला कासरा फेकायचा असतो एवढं सांगितलं नाही. त्या गवतवालीला तरी कुणी शिकवलं होतं? आणि मग मलाच विचारलंत, बघत बसलीस? दहा वर्षांची होते मी. तुम्ही काय करत होता, हे तुम्हाला कुणी विचारलं?

काल दादा म्हणाला, "तुला काय कळतंय गं पाण्यातलं?" मी म्हटलं, "टँकच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत जाते मी. वर्ष झालं. तू शेवटचा कवा पाण्यात उतरलावतास?" मग मी त्याला धाकटीचा तो दिवस सांगितला, इंजिनासकट. त्याला तेव्हा शाळेतनं आल्यावर फक्त पोर घसरली एवढंच सांगितलं होतं. नात दाराआड उभी राहून ऐकत होती. स्वयंपाकघरातनं वहिनी हात पुसत आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या की ओ तो कागद." त्यानं दिला. वहिनींनी कट्ट्यावर ठेवून सही केली, पूर्ण नाव लिहून, सावकाश. पोर सोमवारपासून जाणार आहे.

हे मी कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला माफ केलंय असंही नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. गेल्या आठवड्यात मी खोल बाजूला पहिल्यांदा पाठीवर तरंगले, बराच वेळ, हात सैल सोडून. बाहेर आल्यावर बॅचला नवीन आलेली एक मुलगी म्हणाली, "मावशी, पाण्याला अजिबात भीत न्हाईसा. ल्हानपणी कुणी शिकवलंतं?" सगळ्या बायका ऐकत होत्या. मी म्हणाले, "वडिलांनी." आणि दुसऱ्या दिवशी एकीनं पुन्हा विचारलं तेव्हा, पोटाखाली तुमचा तळहात कसा असायचा, तेही सांगितलं.