निर्णयाचा फलक आहे तिथेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
माध्यमिक विभाग.

विषय : 'आमचा पैसा, आमचा निर्णय' हा फलक न हलवण्याबाबत.
संदर्भ : फलक शनिवारपर्यंत मूळ जागी न लावल्यास माझे नाव शाळेतून कमी करण्याची मुख्याध्यापकांची नोटीस.

महोदय,

मी दहावीत शिकते आणि शाळेच्या विद्यार्थी खर्च समितीवर निवडून आले आहे. समितीची आजवर एकच बैठक झाली. तीत टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगण्यात आले.

१. दुरुस्तीचे चाळीस हजार कशावर खर्चायचे हे विद्यार्थ्यांनी मतदानाने ठरवावे, असा आपल्याच कार्यालयाचा आदेश होता. ४१२ पैकी ३८९ मते मुलींच्या स्वच्छतागृहाला दारे बसवण्यासाठी पडली. उरलेल्या तेवीस जणांना मैदानात सिमेंटचा जिराफ हवा होता. त्यांच्याशी आमचे मतभेद आहेत, पण त्यांनी निदान मत लपवले नाही.

२. तिथल्या तिन्ही खोल्यांची दारे गेल्या वर्षीच कुजून पडली. तेव्हापासून एक मुलगी आत जाते आणि दुसरी बाहेर छत्री उघडून उभी राहते. याला छत्रीपाळी म्हणतात. माझी सहावीतली बहीण या भानगडीपायी शाळेत पाण्याचा थेंब घेत नसे. दोनदा तापाने फणफणली. डॉक्टर म्हणाले, "पाणी पीत जा गं." ती म्हणाली, "मग जाऊ कुठे?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

३. मुख्याध्यापक म्हणाले, "अगं, पाहुण्यांसमोर व्यासपीठावरून संडास म्हणायचं का?" म्हणून निकाल 'सुशोभीकरण' असा नोंदवला गेला. त्या पैशांतून सदर फलक आणि स्टीलची मतपेटी आली. मतदान होऊन गेल्यावर आली. पेटीला कडी आहे, कुलूपही आहे. पेटीत कोणी बसत नाही.

४. फलक सहा फूट उंच, अडीच फूट रुंद, जाड प्लायवूडचा आहे. मापे मी घेतली. शिडी कोणी धरली हे सांगणार नाही. शिपाई मावशींना यात उगाच गोवू नये. सुतारकाकांनी मजुरी घेतली नाही. फलक आता मधल्या खोलीचे दार आहे. कडी आतून लागते.

नोटिशीत मी फलकाचा अपमान केल्याचे म्हटले आहे. भिंतीवर होता तेव्हा त्यावरचे वाक्य धडधडीत खोटे होते. आता खरे आहे. मला प्रचंड राग आला आहे. हा शब्द अर्जात चालत नसल्यास 'खेद' वाचावे व दहाने गुणावे.

तरी मतपेटी विकून उरलेली दोन दारे बसवावीत. माझे नाव काढायचेच असेल तर काढा, दार काढू नका. सोमवारी बहीण शाळेत अख्खी बाटली पाणी प्यायली.

एवढे करूनही फलक न्यायला माणूस पाठवणार असाल, तर त्याला सांगावे की आधी दार वाजव. आत ती असेल.

आपली (कलम ३ वगळता) नम्र,
सदस्य, विद्यार्थी खर्च समिती

दिनांक : नोटिशीनंतरचा दुसरा दिवस

सोबत : मतमोजणीचा तक्ता, कडी-बिजागरीचे बिल (रु. १८०), छत्रीपाळीचे वेळापत्रक (दोन खोल्यांसाठी अजून लागू).