वाटी, पातेलं, बादली

८ जुलै, सोमवार
पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून गौरीनं पुन्हा घर डोक्यावर घेतलं! सात वर्षांची घोडी. तिचा बाबा अभिजीत पुण्यात नोकरीला, त्याला फोनवर सगळं गोडच दिसतं. रडं ऐकायला इथे मी, आणि शाळेनंतर तिला सांभाळणाऱ्या खालच्या कमलमावशी.

शेवटी ओट्यावर तीन भांडी मांडली. वाटी — तुझं तू निस्तरायचं. पातेलं — कमलमावशींना सांगायचं. बादली — आईला ऑफिसातून धावत यावं लागेल असं. "आता सांग, टोक मोडलं म्हणजे काय?" नाक पुसत म्हणाली, "वाटी." माझी मीच खूश!

१२ जुलै, शुक्रवार
रिबन हरवली — वाटी. डब्यात भेंडी — वाटी. रडणं नाही. सुट्टीसाठी साहेबापुढे तोंड वेंगाडणं नाही. कमलमावशी मात्र कुरकुरतात. अख्खा जन्म इथे अंबरपेठेत गेला त्यांचा, बोलीही इथलीच. "लेकरू हाय ते. रडतंय तर रडू दे की! हौली झालीस काय, मापं शिकवायलीस?" हौली म्हणजे येडी. मी हसून सोडून दिलं.

१८ जुलै
घरात किती शांत!

२३ जुलै, मंगळवार
सकाळी गौरीच्या उशीवर पिवळा डाग. कानातून पू. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय, भरून येईल बहुतेक — पण तीनचार दिवस ठणकत असणार, तुम्हाला कळलं नाही?

नाही कळलं. माझ्या कुशीत झोपते, आणि नाही कळलं.

रिक्षात विचारलं, "सांगितलं का नाहीस गं?"

"बादलीएवढं दुखत होतं. पण तुला लीव्ह मिळत नाही ना. म्हणून मी वाटी केली."

म्हणजे इतके दिवस पोर माझी सुट्टी मोजत होती. आणि माप मीच हातात दिलेलं. फार लाज वाटते आहे.

२५ जुलै
तिला सांगितलं — आधी मला सांगायचं, भांडं मग दोघी मिळून शोधू. मान डोलावली. पटलं का, कोण जाणे. कानात थेंब घालताना ओठ घट्ट मिटून पडून राहते. आता तिनं भोकाड पसरावं असं वाटतं!

कमलमावशी म्हणाल्या, "डरलंय लेकरू. येईल बोलायला. तू घाई नक्को करू."

१ ऑगस्ट, भर दुपारी, रिक्षात
मीटिंग अर्धी टाकून निघाले. साहेबाचं तोंड वाकडं — असू दे. कमलमावशींच्या फोनवरून गौरी होती, हुंदके देत — "आई, रसिकानं माझ्याशी कट्टी केली. वाटीच आहे. पण तू ये."