तारप्याकडे पाठ

५ ऑक्टो., रविवार
जव्हारचा तारपा नाचाचा कार्यक्रम झाला. झाला कसला, मोडला. संयोजकांचा माणूस ऐन वेळी म्हणाला, "सर, गोल नको. पाहुण्यांना तुमच्या पाठी दिसतात. एका ओळीत या, तोंडं खुर्च्यांकडे. वाजवणारे आजोबा मागे राहू देत." घुंगरकाठी माझ्या हातात. काठीवाला वळेल तशी साखळी वळते. मी वळलो. बावीस जण वळले. तारप्याकडे पाठ, जी नाचात कधी करायची नसते.

सूर तुटला. मागे बघितलं तर जान्याकाका तारपा तोंडातून काढून धोतराने पुसत होता. मांडवाच्या मागून निघून गेला. आम्ही तसेच पाय आपटत राहिलो. टाळ्या पडल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ ऑक्टो.
शाळेत लक्ष नाही. तिसरीच्या पोरांना तोच पाढा दोनदा दिला.

संध्याकाळी काकाकडे. सख्खा चुलता, लहानाचा मोठा मी त्याच्याच हाताखाली झालो. ओट्यावर विळ्याला धार लावत होता.
"काका, चुकलो."
"माझं काय चुकलास? त्याचं चुकलास." आढ्याला टांगलेल्या तारप्याकडे हनुवटी.
"मग त्याची माफी कशी मागू?"
"मना काय ठाव. मास्तर तू हायस."
चहासुद्धा विचारला नाही.

९ ऑक्टो.
मीटिंगला मोखाड्याला. जीपमध्ये आमच्याच पाड्याचे दोघे. एकाने मोबाइलवर तो नाच दाखवला. छान दिसतो. तेच वाईट. उतरताना दुसरा म्हणाला, "वाघबारशीला कोण वाजवंल, गुरुजी?" वाघोबाच्या सणाला आठ दिवस राहिले. पाड्यात वाजवणारा एकच.

घरी आल्यावर म्हटलं, शेजारच्या पाड्यावरचा वाजवणारा आणू. सु. भाकरी थापत होती. न बघताच म्हणाली, "म्हंजे दुसऱ्यांदा पाठ." बायको नव्हे, पाड्याची पंच व्हायला हवी होती ती.

१२ ऑक्टो., रवि.
जाणत्यांकडे बसलो. बावीस जण वळले असं कोणी म्हणत नाही. मास्तर वळला. बरोबरच आहे. लहानपणी काठी हातात देताना काकाने एवढंच सांगितलं होतं, पायांकडे बघू नको, वाजवणाऱ्याकडे बघ. मी त्या दिवशी खुर्च्यांकडे बघितलं. पहिल्या रांगेत शिक्षण खात्याचे साहेब होते. इथे तरी खरं लिहावं. त्यांच्यासाठी वळलो.

परत येताना घुंगरकाठी काकाच्या दाराशी ठेवून आलो. त्याने दुसऱ्या कुणाला द्यावी.

१३ ऑक्टो.
सकाळी काठी आमच्या ओट्यावर. काका कधी ठेवून गेला कळलं नाही. राग की काय? काहीच कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

१५ ऑक्टो.
काका सत्तरीला आला. छाती वाजते त्याची. यंदा वाजवला नाही तर पुढच्या वर्षी फुंकायला दम राहील? शिकलेला कोणी नाही. मी चार महिने त्याच्याकडे शिकायला बसलो होतो, नाकाने श्वास घेत गाल फुगलेले ठेवायला. मग डी.एड.ला नंबर लागला, आणि

झोप नाही. माझ्यामुळे पाडा मुका झाला.

१७ ऑक्टो., शुक्र. वाघबारस
दिवसभर काही नाही. वाघोबाला नारळ दिला, लोक मुकाट्याने घरी आले. माझ्याशी कोणी भांडलं असतं तरी बरं वाटलं असतं.

पाच वाजून गेले. तारपा वाजतोय. काकाच्या अंगणातून. आधी वाटलं भास. सु. धावत ओट्यावर गेली. पोरं पळाली, म्हाताऱ्या पळाल्या.

आमच्यात नाचायला कोणी कोणाला बोलवत नाही. ऐकू आलं की जायचं, साखळीत शिरायचं, शेजारच्याच्या कमरेला हात घालायचा. कोणी नको म्हणत नाही. पण मी शिरलो आणि काका थांबला तर? भर वाघबारशीला, सगळ्यांदेखत. परत तो तोंडाला लावायचा नाही. नाही गेलो, तर निदान वाजत तरी राहील.

सु. दारातून म्हणाली, "येतोस का?"
म्हटलं, "तू हो पुढं."
"तो आपल्या घराकडं तोंड करून वाजवतोय," म्हणाली. खरं, की मला उठवायला, माहीत नाही. बाहेर जाऊन बघायला हवं.

ती गेली. सूर मध्येच बारीक होतो, परत उचलतो. दम पुरत नाही त्याला.

मी अजून लिहीतच बसलोय.