झुंबरच्या नावाचे पेले

नांदगाव, ३ मार्च १९८५

चि. विमल हिस सासू सुलाबाईचा जयभीम.

मागल्या उन्हाळ्यापर्यंत तुला चि. सौ. लिहायचे. आता नुसतं चि. लिहिलं. हात अडखळला, पण लिहिलं. समजून घे.

झुंबरच्या मागं तू थंड सरबताचं मशीन घ्यायचं काढलंस, चांगलं हाय. घरात बसून माझ्या लेकाच्या फोटोची धूळ पुसत राहशील तर वाळून जाशील. पण ते टोकनवालं नको. टोकन टाकलं की ग्लास आपोआप भरतो, माणूस लागत नाय, असं लिहितेस. मग तू काय करशील? बाजूला उभी राहून त्याला पदरानं वारा घालशील? तोटीवालं घे. तहानलेल्या माणसाला आधी टोकन हुडकायला लावू नये.

जागा मी सांगते. दवाखान्याचं फाटक. स्टँडवर रसवाले, सोडावाले रांगेनं उभे हायेत. फाटकापाशी चहाशिवाय काय मिळतं? तुला ठाऊक हाय.

वाल्मीकचे पुढचे दात आले का? लोभ हायेच, तो लिहून वाढत नाय.

वाल्मीकची आजी


नाशिक, ११ मार्च १९८५

ती. आत्याबाईंना विमलचा जयभीम, वि. वि.

तुमचं ऐकून तोटीवालं घेतलं. संत्रं, लिंबू आणि कोला, अशा तीन तोट्या आहेत. दुकानदारानं विचारलं की बाई, तुम्हाला चालवता येईल ना. मी म्हटलं की सुलाबाईंच्या हाताखाली बारा वर्षं काढली, हे तर विजेवर चालतं.

जागा मात्र स्टँडचीच धरली. फाटकाचं नाव काढू नका. त्या दुपारी यांनी गार संत्र्याचं मागितलं, फाटकावर मिळालं नाही, म्हणून मी स्टँडपर्यंत पळाले. बाटली घेऊन परत आले तेव्हा तुम्ही यांच्या तोंडावर चादर ओढत होतात. त्या रस्त्यानं मी भाजीलाही जात नाही, वळसा घालते. शिवाय तिथले लोक ग्लास आत पेशंटकडे नेणार, तो परत कोण आणून देणार?

एक विचारू का? इतके दिवस धीर झाला नाही. मी गेल्यावर हे काही बोलले का? मला उशीर झाला म्हणून रागावले होते का?

तुमच्या मायेवर असलेली,
विमल


नांदगाव, २० मार्च १९८५

चि. विमल हिस जयभीम.

रागावला नव्हता. तू दाराबाहेर पडलीस तशी म्हणाला की तिला सांग, पळू नको, ऊन लय हाय. मग डोळे मिटले. एवढंच. जन्म दिला त्या आईसाठी एक शब्द बोलला नाय. आजवर तू विचारलं नाहीस आणि माझ्यानं सांगवलं नाय.

रडून झालं असेल तर पुढं वाच. तुमच्या लग्नात सहादूमामानं दिलेले स्टीलचे बारा पेले पाठवते. इसाक कांद्याचा टेंपो घेऊन येतोय, त्याच्याकडून घे. सगळ्यांवर झुंबरचं नाव घातलेलं हाय. आपल्या आळीत लग्नकार्याला गेलेलं भांडं नावावरूनच घरी येतं, दुसऱ्याच्या नावाचं कोणी ठेवून घेत नाय. मी एकटी किती पेल्यांनी पाणी पिणार?

फाटकावर कधी जायचं ते तुझं तू बघ. मी आता बोलणार नाय. बोलले तरी तू कुठं ऐकतेस? माया हाय म्हणून टोचते.

वाल्मीकची आजी


नाशिक, १४ मे १९८५

ती. आत्याबाईंना जयभीम, वि. वि.

मशीन फाटकावर आणलं.

मागच्या आठवड्यात दवाखान्याकडून एक बाई उन्हात पळत स्टँडवर आली. एकाच पायात चप्पल होती. गार काहीतरी द्या, आत नवरा आहे म्हणाली. मी पेला भरून दिला, तर तो सांडत सांडत पळाली. मी मागून ओरडले की पळू नका. मग माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं आणि मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी हातगाडी बोलावली.

पेल्यांचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. आतल्या आयाबाई दारात येऊन झुंबरचा पेला कोणाचा म्हणून हाका मारतात. पहिल्या दिवशी मला ती हाक सोसेना. आता सोसते.

काल मात्र एक पेला आला नाही. एक म्हातारी मुलासाठी संत्र्याचं घेऊन आत गेली होती. दिवे लागेपर्यंत थांबले. आत जाऊन विचारायचं धैर्य झालं नाही. तुमच्या भावाची भेट, म्हणून कळवते. रागावू नका.

तुमची,
विमल


नांदगाव, २२ मे १९८५

चि. विमल हिस जयभीम.

पेला हुडकायला जाऊ नको. ती म्हातारी पुन्हा फाटकावर दिसली तर तिला आधी बसायला दे. काही विचारू नको. ती पेल्याचं बोलली तर म्हण की आमच्याकडे पुष्कळ हायेत.

राहू दे तो आत. झुंबरच्या नावानं संत्र्याचं एकदा तरी वेळेवर पोचलं असेल.

पुढल्या आठवड्यात इसाकच्या टेंपोनं येते. त्या पेल्याची जागा रिकामी ठेव, दुसरा आणून लावू नको. मी आले की मला लिंबाचं दे. संत्र्याचं माझ्या घशाखाली उतरत नाय.

वाल्मीकला पापा. तुझी माया माझ्यावर राहू दे, मला दुसरं कोण हाय.

वाल्मीकची आजी