त्या दिवशी लाइन आली होती का

माय, परवा भावानं वाडीतल्या मोटारीवर सोलर बसवलं आणि खांबावरून येणारी लाइन कायमची काढून टाकली. आता ऊन पडलं की वांग्यांना पाणी मिळतं. कोणाला हाक मारावी लागत नाही. एवढंच सांगायला बसले होते, पण सगळा कागद त्या एका शब्दावरच जाणार असं दिसतंय.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. हे पाहायला तू थांबली नाहीस, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच गेलीस. डिक्शनरीत 'लाइन'ला पानभर जागा दिलीय. त्यातलं थोडं मी फळ्यावर लिहून देते: रेघ, रांग, कवितेची ओळ, नाटकातलं वाक्य, मासे धरायची दोरी. मागच्या बाकावरची पोरं लाइन मारणं त्यात जोडतात आणि हसतात. तुझा कारभार आटोपशीर होता. मिरचीची रोपं लाइनीत लावायची, वाकडी गेली की माझ्या पाठीत धपाटा. जऊळक्याच्या मावशीचं घर लाइनीपल्याड, म्हणजे रुळांच्या पलीकडे. बाकी लाइन म्हणजे वीज.

आपल्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर पाच-सहा वाड्या होत्या. लाइन आल्याबरोबर सगळ्यांनी एकदम बटन दाबलं की फ्यूज उडायचा, म्हणून मोटारी हाकेवर चालू व्हायच्या. पहिल्या वाडीतली काकू मोटार चालू करून ओरडायची, "झाली वो!" मग तिच्या पुढचीनं दाबायचं. आपला नंबर शेवटचा. तू बटनापाशी कान देऊन उभी, मी पाण्याच्या दांडाशी फावडं घेऊन. हाक चुकली की पाणी गेलं, कारण लाइन किती वेळ टिकेल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे लाइन आली म्हटल्यावर आपल्याकडे कोणी कोणाला अडवत नसे. जेवणाराही ताट सारून उठायचा.

आणि मग कामरगावचे पाहुणे मला पाहायला आले तो दिवस. माझी बारावी झालेली, डोक्यात अमरावतीचं कॉलेज, आणि बाबांनी मनातून होकार देऊन टाकलेला. मी पोहे देऊन खाली मान घालून बसलेय. मुलाचे वडील म्हणतात, "पोरीले पुढं शिकून काय करा लागते?" बाबाही मान हलवतात. तेवढ्यात तू पदर खोचत बाहेर येतेस.

"चाल वं, लाइन आली."

"आता काहून जाऊन राह्यली? पाव्हणे बसले ना घरात," बाबा म्हणाले.

"लाइन कोणासाठी थांबते का? तुमी बसा, आमी आलोच."

वाडीत जाऊन तू बटन दाबलंस. मोटार ढिम्म. "मले वाटलं आली," एवढंच म्हणालीस आणि मेथी निंदायला बसलीस. मलाही बसवलंस, थेट दिवस कलेपर्यंत. घरी आलो तेव्हा पाहुणे रागारागानं निघून गेले होते. बाबांनी कितीतरी दिवस तुझ्याशी अबोला धरला. तोवर तू त्यांना नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तू तसं म्हणाली नाहीसच. तिकडून पुन्हा निरोप आला नाही. जूनमध्ये मी अमरावतीच्या बसमध्ये बसले.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, लेकीला तर किती वेळा सांगितली. माझ्या आईनं खोटं बोलून मला सोडवलं. हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

पण तू पाहुण्यांसमोर आलीस तेव्हा भाऊ गोठ्यात होता, बल्बखाली; लाइन खरंच आली होती का, हे त्यालाच ठाऊक. क्षणभर बल्ब लागून गेला असेल, तर तू खोटं बोललीच नाहीस. तू वांग्यांसाठी उठलीस, आणि त्यात मी सुटले.

परवा तो माझ्यासमोर बसून जुनी वायर गुंडाळत होता. विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. मला भीती वाटली, माय. मी त्याला चहा ठेवू का म्हणून विचारलं.