शर्यतीच्या रविवारी मंदाताई आल्या

प्रिय आत्या,

आज सकाळी सोफ्याखाली झाडू घातला तर शेंगांची एवढी टरफलं निघाली की सूप भरलं. तुम्ही असता तर म्हणाल्या असत्या, "रेखा, काल घरात माणसं आलती का घोडी?" मी एकटीच हसले. आणि मग झाडू तसाच टेकवून बसून राहिले. हे सगळं मी तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? हे ऑफिसला गेलेत, भात कुकरमध्ये आहे, तेवढ्यात लिहिते.

काल शर्यत झाली, आत्या. मुंबईची, घोड्यांची, डर्बीची. आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीवर, सगळ्यांना बोलावून. तुमच्याशिवाय.

लग्न होऊन औरंगपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हा मला सासूची, म्हणजे तुमची, धास्तीच होती. पहिल्याच फेब्रुवारीत एका रविवारी तुम्ही दुपारीच स्वयंपाकघर आवरलं, नवी साडी नेसून टीव्हीसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता चहा कुणी मागायचा नाय. घोडी पळायच्यात." मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "आईचा सण आहे हा. बस तूपण."

सून आणि सासू एका सोफ्यावर! माझ्या माहेरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही.

देवगाव रंगारीला तुमच्या वडिलांकडं घोडी होती आणि तुम्ही परकर खोचून तिच्यावर बसायच्या, हे तुम्ही मला फक्त एकदाच सांगितलं. भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता. लग्न ठरलं आणि घोडीवर बसणं बंद झालं. "मग रडल्या का तुम्ही?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तव्याकडं बघ, करपंल." का हो आत्या, अजून थोडं सांगितलं असतं तर काय झालं असतं?

हळूहळू अख्खी गल्ली जमायला लागली. शेजारच्या नसीमखाला तर मावा जिलेबीचा पुडा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. पैज लागायची, पण शेंगांची. रुपया लावायचा नाही हा तुमचा नियम. "पैसा लावला की मानसाला घोडं दिसत नाय, निस्ता पैसा दिसतो." गल्लीतले दुकानदार काका एकदा शंभराची नोट काढायला गेले, तर त्यांना तुम्ही जिलेबीसुद्धा दिली नव्हती!

आणि ती नावं! घोड्यांची खरी नावं इंग्रजी, लांबलचक. तुम्हाला ती मान्यच नव्हती. शर्यतीआधी घोडे फिरवायला आणायचे तेव्हा तुम्ही एकेकाला निरखून बारसं करायच्या. उगाच मान झटकणारा तो 'जावई'. सगळ्यांना ढकलत जाणारी 'तहसीलदारीण'. अंगावर झूल घेऊन पेंगणारा 'मास्तर'. पोट धरून हसायचो आम्ही. शर्यत संपायची, पण नावं गल्लीत वर्षभर चालायची.

पावसाळ्यात तुम्ही गेल्या. हिवाळा आला तसं मला त्या रविवाराचं भ्या वाटायला लागलं. काय करायचं त्या दिवशी? टीव्ही बंद ठेवून कपड्यांच्या घड्या घालायच्या?

मग एका सकाळी नसीमखाला दारात उभ्या. आत येईनात. "रेखा, एक बात पूछूँ? इस बार घोड़े देखने का है की नक्को?" म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मी म्हटलं, "है, खाला. तुम्ही या." बोलून गेले खरी. घरात मात्र कुणाला विचारलेलं नव्हतं.

यांना सांगितलं, तर यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "वर्ष तरी होऊ द्यायचं होतं. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकच येणार आहेत बघायला." त्यावर हसू आलं त्यांना, पण पुढं म्हणाले, "मंदाला तूच सांग. माझी हिंमत नाही."

मी करमाडला मंदाताईंना फोन केला. तुमची लेक ती, आवाज थेट तुमचा! "आईला जाऊन वर्ष झालं नाय, आन तुम्ही घरात मेजवान्या करता? माझ्या आईच्या घरात?" मी समजवायला गेले, "ताई, मेजवानी नाही हो, त्यांच्या आठवणीसाठी..." तर म्हणाल्या, "तुझी आठवण तुला लखलाभ. मी येनार नाय," आणि फोन ठेवून दिला.

सरळ सांगते, मी दोन वेळा सगळं रद्द करायला निघाले होते. पण खालांचे ते डोळे आठवायचे.

शेवटी काल दुपारी सगळे जमले. यांनी मोबाईल टीव्हीला जोडून दिला. हुरडा होता, शेंगा होत्या, जिलेबी होती. तुमची जागा सोडून सगळे दाटीवाटीनं बसले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिथं कुणीच बसलं नाही.

आणि आत्या, मग लई वाईट झालं. घोडे फिरवायला आणले. एक काळा आला, एक तांबडा, एक पांढऱ्या कपाळाचा. आम्ही आपले बघतोय. कुणाच्या तोंडातून शब्द नाही. नाव कोण ठेवणार? खालांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेंगा फोडायचा आवाजसुद्धा थांबला. मला वाटलं, चुकलंच आपलं. हे तर सुतकच पुन्हा बसलं घरात. आता उठून टीव्ही बंद करावा, म्हणून मी रिमोटकडं हात नेला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ही कोन गं? नाक वर करून चाललीय ती? आमच्या गावातल्या वरमाईसारखी!"

मंदाताई! पायात चपला, काखेत पर्स, उन्हातून येऊन तोंड लालेलाल. भांडायलाच आल्या होत्या, नंतर त्यांनीच सांगितलं. रिक्षात सगळं भांडण पाठ करून ठेवलं होतं म्हणे. पण दारात आल्या आणि समोर ती घोडी दिसली.

 मग नसीमखाला अशा हसल्या, अशा हसल्या की जिलेबी हातातून पडली. "हौ गे! वरमाईच है!" आणि सगळं घर सुटलं. मंदाताई म्हणाल्या, "आन तो मागचा बघा, तोंड पाडून. त्याला लग्नात आहेर नाय भेटला वाटतं." आत्या, तुमचंच तोंड! इतकी वर्षं तुमची ही लेक करमाडला बसून होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

मी त्यांचा हात धरून तुमच्या जागेवर बसवलं. चपला काढायच्या राहूनच गेल्या. शर्यत सुटली आणि वरमाई मागं, पार मागं. शेवटच्या वळणावर मात्र ती अशी काही सुटली! मंदाताई उठून उभ्या, पर्स हवेत, "पळ गं बाई, पळ! मागं बघू नको!" हे दाराला टेकून बघत होते, तेपण ओरडायला लागले. थोडक्यात दुसरी आली ती. काय हळहळलो! वरच्या मजल्यावरचे लोक खाली बघायला आले, काय झालं म्हणून.

आणि मग मंदाताई रडायला लागल्या.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, खाला मागोमाग आल्या. मला वाटलं, आईची आठवण. पण त्या म्हणाल्या, "आख्खी गल्ली यायची. दर साली. मला कधी एक फोन नाय. मी काय परकी व्हते का, वहिनी?"

 खरंच की! हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या मनात कसा आला नाही?

उत्तर खालांनी दिलं. "नक्को ऐसा बोल, बेटी. तेरी अम्मी हर साल मेरे कू बोलती थी, मंदा रहती तो मज्जा आता. मैं बोली, बुला लो ना. तो बोली, उसकी सास कू मालूम हुआ तो लेकीला टोमणे ऐकावे लागतील, आई रेस बघती म्हणून."

मंदाताई डोळे पुसायच्या थांबल्या. "कुनाला? माझ्या सासूला?" म्हणाल्या. "अवो, माझी सासू टीव्हीवर कुस्त्या बघायची! आवाज मोठा करून! शेजारी तक्रार करायचे!" आणि रडता रडता हसायला लागल्या. "आईनं एकदा इचारायचं तरी होतं. निस्तं एकदा."

आत्या, रागावू नका, पण मलाही तेच म्हणायचंय. तुमचं घोडीवर बसणं कुणीतरी तुम्हाला न विचारता बंद केलं होतं. लेकीला त्रास नको म्हणून तुम्ही तिलाही न विचारताच ठरवून टाकलं. मायेनंच केलं, ते मला कळतं. मंदाताईंनाही कळलं. पण किती रविवार वाया गेले हो!

त्या चहा पीत बसल्या होत्या, आणि मला एकदम आपली सई आठवली. तुमची नात पुण्याला नोकरीत नवीन आहे. आजीच्या नावानं अजून हळवी होते, म्हणून मी तिला कालच्या कार्यक्रमाचं काही कळवलंच नव्हतं. तिथं एकटी रडत बसेल, नको. मीसुद्धा परस्परच ठरवलं होतं की!

तिथंच ओट्यापाशी उभं राहून तिला फोन लावला. सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "आई, मी इथं खोलीत एकटीच बघत होते. मोबाईलवर. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

मी फोन मंदाताईंच्या हातात दिला. 

पुढच्या वर्षी सगळ्यांनी करमाडला यायचं असं त्यांनी बजावलंय. अंगण मोठं आहे, म्हणतात. सईनं आत्ताच सुट्टीचं बघते म्हणून सांगितलंय.

आणि आत्या, माझा तुम्हाला शब्द आहे. या घरात यापुढं कुणाला वाईट वाटेल, कुणाला झेपणार नाही, असं मनाशी ठरवून कुणाला बाजूला ठेवणार नाही. आधी फोन करीन. यायचं की नाही ते ज्याचं त्यानं सांगावं.

कुकर झाला. उतरवते.

तुमचीच,
रेखा