न विरघळलेला वायू

प्रिय राजशेखर,

कॉलेजपासून तुला याच शब्दाने लिहीत आले. तू दुसरीशी लग्न केलंस तेव्हाही लिहिला. आज मात्र हात अडला. अपघाताचा तुझा अहवाल वाचला. आपल्या चिंचोळीच्या प्रकल्पातल्या शेडमध्ये वायुगळतीचा इशारा देणाऱ्या यंत्रावर प्लास्टिकची पिशवी आपल्या ऑपरेटरने, तिप्पण्णाने बांधली, असं तू लिहिलंस आणि खाली माझ्या सहीला जागा सोडलीस.

टाकीतले जिवाणू उसाच्या चिपाडापासून केलेला वायू खाऊन इंधन देतात, पण तो आधी पाण्यात विरघळला तरच. त्यासाठी बुडबुडे बारीक हवेत. तसे बुडबुडे सोडणाऱ्या केसासारख्या पोकळ नळ्या मी वर्षभर मागत होते. तू नुसता वायूचा कॉक उघडत गेलास. खाणाऱ्याला झेपेना इतकं वाढलं की पानात तसंच राहतं, हे पंगतीत वाढणाऱ्या कुणालाही कळतं. तुला डॉक्टरेट घेऊनही कळलं नाही. उरलेला वायू विषारी, त्याला वासही नाही. तो टाकीच्या झाकणातून निसटून शेडमध्ये साचायचा आणि यंत्र बोंबलायचं. त्या दिवशी पाहुणे येणार होते. तुला शांतता हवी होती.

"म्याडम, डोकं लई जड झालंय. वर नमुना घ्यायला उद्या चढू का?" तिप्पण्णाने मला विचारलं. तू मागून म्हणालास, "काय रे, कालची उतरली न्हाय व्हय?" सगळे हसले. मीही हसले. तो टाकीवर चढला आणि तिथेच कोसळला.

तो वाचला, पण त्याला मुलीचं नाव आठवत नाही. दवाखान्यात त्याची बायको गौरम्मा म्हणाली, "अक्का, आमच्या ह्येंनी पिशवी बांधली म्हंत्यात. त्या डबड्याला हात लावायची परवानगीच न्हवती की त्येंना. मग कुणी बांधली?" उशाशी तू पाठवलेली सफरचंदं होती. तुझी किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

आज चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी जबाब दिला. पिशवी मी बांधली, स्टुलावर चढून, तू सांगितलंस म्हणून. तिप्पण्णा तेव्हा पाहुण्यांसाठी बिस्किटं आणायला गेला होता. जे व्हायचं ते आता आपल्या दोघांचं होईल. तुला हे वकिलाकडून नव्हे, माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. फोन करू नकोस.

कधीकाळी तुझीच होती ती,
चेतना